कॅनडाच्या पीआरसाठी मुख्य अर्जदार कोण असावा : अभियंता पती की परिचारिका पत्नी?

कोथरूडकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो. वय ३४, शिक्षण संगणक अभियांत्रिकीतील बी. ई. आणि अनुभव अकरा वर्षांचा, तोही सगळा भारतातला. पत्नी ३१ वर्षांची आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी घेऊन ती गेली सात वर्षे एका खासगी रुग्णालयाच्या हृदयरोग अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून काम करते आहे. नोकरी सांभाळून तिने रुग्णालय व्यवस्थापनातील एक वर्षाची पदव्युत्तर पदविकाही पूर्ण केली आहे. आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे.

एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर आधारित निवडपद्धतीतून कॅनडाच्या कायम निवासासाठी (पीआर) अर्ज करावा, असे आमचे ठरते आहे. आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत मला ऐकण्यात ८, वाचनात ७.५, लेखनात ७ आणि बोलण्यात ७ असे गुण आहेत. पत्नीला ऐकण्यात ७.५, वाचनात ७, लेखनात ६.५ आणि बोलण्यात ७ आहेत. मला मुख्य अर्जदार धरून गुण मोजले तर सीआरएसची, म्हणजे अर्जदारांची क्रमवारी लावणाऱ्या गुणांची, बेरीज ४०२ होते. ज्या सल्लागार कार्यालयात आम्ही गेलो होतो तेथे सांगण्यात आले, की अभियंत्यांना कॅनडात नेहमीच मागणी असते, पत्नीच्या पदविकेचा काही उपयोग नाही आणि पत्नी सोबत येणार नाही असे दाखवले तर गुण वाढतील. शिवाय तेथील कंपनीचे नोकरीचे पत्र मिळवून देऊन आणखी ५० गुण वाढवून देऊ, असेही ते म्हणतात. त्यासाठी आगाऊ रक्कम मागितली आहे. हा मार्ग योग्य आहे का, आणि ४०२ गुणांवर प्रोफाइल उघडण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुळामुठा

आपली बेरीज बरोबर आहे, परंतु आपण ती चुकीच्या माणसाच्या नावावर केली आहे. सल्लागाराने हे पहिल्या भेटीतच सांगायला हवे होते.

आधी आपल्या बाजूची स्थिती पाहू. वर्गवार निवड, म्हणजे ठरावीक व्यवसाय किंवा भाषा असणाऱ्यांना वेगळी निमंत्रणे देणे, २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वर्गात सॉफ्टवेअरमधले बहुतेक व्यवसाय होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बदलली आणि सॉफ्टवेअर अभियंता, डेटा सायंटिस्ट, संगणक प्रणाली विश्लेषक हे त्यातून बाहेर पडले. सायबर सुरक्षा राहिली, स्थापत्य, यांत्रिकी आणि विद्युत अभियंते राहिले. पण त्या वर्गासाठी २०२५ मध्ये एकही ड्रॉ, म्हणजे निमंत्रणांची फेरी, निघाला नाही. सर्वांसाठी खुला असलेला शेवटचा ड्रॉ एप्रिल २०२४ मध्ये ५२९ गुणांवर थांबला होता, आणि त्यानंतर २०२५ च्या अखेरीपर्यंत तसा ड्रॉ झालेला नाही. तेव्हा ‘अभियंत्यांना नेहमीच मागणी असते’ हे वाक्य दहा वर्षांपूर्वी ठीक होते. आज त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता पत्नीला मुख्य अर्जदार धरून हिशेब मांडू. वयाचे ९० गुण. शिक्षणाचे, केवळ पदवी धरली तर ११२. परंतु किमान तीन वर्षांच्या पदवीबरोबर दुसरी किमान एक वर्षाची उच्च शिक्षणाची पात्रता असेल तर ११९. आपले शिक्षण आणि आपले इंग्रजी यांचे जोडीदार म्हणून ८ आणि २० गुण मिळतील. आतापर्यंत फार फरक दिसत नाही, कारण खरा फरक भाषेच्या आणि कौशल्य-संयोगाच्या (शिक्षणाला किंवा अनुभवाला भाषेची जोड असल्याच्या) गुणांत आहे.

ताईंचे ऐकणे आणि लेखन सीएलबी (इंग्रजीची पातळी मोजण्याची कॅनडाची श्रेणी) ८ मध्ये आहे, वाचन आणि बोलणे सीएलबी ९ मध्ये. सीएलबी ८ ला प्रत्येकी २२ आणि ९ ला २९ या दराने भाषेचे १०२ गुण होतात. चारही कौशल्ये ९ वर नेली की ते ११६ होतात. ही १४ गुणांची वाढ किरकोळ वाटेल, पण संयोगाच्या गुणांसाठी चारही कौशल्यांत सीएलबी ९ लागते. एकही कौशल्य मागे राहिले तर दोन पात्रता आणि भाषा यांचे ५० ऐवजी २५, आणि तीन वर्षांहून अधिक परदेशी अनुभव आणि भाषा यांचेही ५० ऐवजी २५ मिळतात. म्हणजे ऐकण्यात अर्धा बँड आणि लेखनात अर्धा बँड, एवढ्यासाठी ६४ गुण अडकून पडले आहेत. आजच्या निकालावर ताईंची बेरीज ३८९ आहे, म्हणजे आपल्यापेक्षा कमी. म्हणूनच कदाचित कोणी हा हिशेब पुढे नेला नसावा. ऐकण्यात ८ आणि लेखनात ७ मिळाले की तीच बेरीज ४५३ होते. ऐकण्यात ८.५, वाचनात ८ आणि लेखन व बोलण्यात प्रत्येकी ७.५ मिळाले, तर सीएलबी १० धरून ४६५.

नोंदणीकृत परिचारिका हा व्यवसाय, ज्याचा कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातील (एनओसी) क्रमांक ३१३०१ आहे, आरोग्यसेवेच्या वर्गात मोडतो. या वर्गाचे कटऑफ २०२५ च्या जुलैत ४७५, ऑगस्टमध्ये ४७० आणि नोव्हेंबरमध्ये ४६२ असे होते. ४५३ हे उंबरठ्याच्या किंचित बाहेर आहेत आणि ४६५ हे त्याच्या आसपास. आपल्या ४०२ ला मात्र असा कोणताही उंबरठा समोर दिसत नाही.

मुळात अर्ज करण्याच्या पात्रतेसाठी लागणारे ६७ गुण हा सीआरएसहून वेगळा तक्ता आहे आणि पुष्कळ जण या दोन्हींची गल्लत करतात. चारही कौशल्यांत सीएलबी ९ आल्यावर ताईंचे त्यात ७७ च्या पुढे गुण होतात, त्यामुळे तेथे अडचण नाही.

‘जोडीदार सोबत येणार नाही’ या युक्तीबद्दल सांगायचे, तर तिचा आपल्या बाबतीत फायदाच नाही. आपण एकटे अर्ज केलात तरी बेरीज ४०२ च येते. ताईंनी एकट्याने केला तर सीएलबी ९ वर ४५१, म्हणजे दोन गुण उणेच. पत्नी आणि मुलगी पुढेमागे येणार असताना त्या येणार नाहीत असे लिहून देणे ही सरळ खोटी माहिती ठरते, आणि ती कशासाठी द्यायची, तर शून्य गुणांसाठी!

शेवंती

मी स्वतः परिचारिका आहे आणि सध्या हॅलिफॅक्समध्ये काम करते. वरील हिशेबाशी मी सहमत आहे. मी कागदपत्रांबद्दल आणि परवान्याबद्दल लिहिते, कारण आपल्याकडच्या सिस्टर लोकांचे अर्ज गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतात.

पहिली गोष्ट अनुभवपत्राची. आपल्या रुग्णालयांतून जे पत्र मिळते त्यात ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढेच असते. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला त्याने काहीही सिद्ध होत नाही. पत्र लेटरहेडवर हवे. त्यात पद, रुजू होण्याची तारीख, आठवड्याचे कामाचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप, सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा, आणि रुग्णालयाचा संपर्क असावा. तासांचा उल्लेख विसरू नका. बारा तासांच्या पाळ्या असल्या तरी ‘आठवड्याला सरासरी इतके तास’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. कामाचे स्वरूप एनओसीच्या संकेतस्थळावरून जसेच्या तसे उतरवले तर वाचणाऱ्याला ते लगेच कळते. त्यापेक्षा ताई रोज जे करतात तेच लिहावे : व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे निरीक्षण, इन्फ्युजन पंपावरील औषधांचे प्रमाण, शस्त्रक्रियेनंतरच्या ड्रेनची नोंद, पाळी बदलताना द्यायचा हँडओव्हर, नव्या मुलींना शिकवणे. एचआर ऐकत नसेल तर मेट्रन किंवा विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, त्याला जोडून नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, आणि एचआरचे सविस्तर पत्र का मिळाले नाही याचा खुलासा, असा संच द्यावा.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ही आपल्याकडची खास डोकेदुखी आहे. गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, शिवाय आईचे नाव वेगळ्या रकान्यात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बहुधा माहेरच्या नावाने झालेली असते. पासपोर्टवर मात्र सासरचे आडनाव आणि मधे पतीचे नाव. काही घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलतात, आणि ते बदललेले नाव आधार कार्डावर आले असेल तर एकाच बाईची तीन नावे फाइलमध्ये दिसतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्राने आडनावाचा प्रश्न सुटतो. पहिले नाव बदलले असेल तर राजपत्रातील नोंद हवी. या सगळ्या व्यक्ती एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे, पण केवळ त्यावर विसंबू नये. कौन्सिलमधील नावाची दुरुस्ती आत्ताच करून घ्यावी, कारण परवान्याच्या वेळी कौन्सिलकडून थेट पडताळणी मागवली जाते.

तिसरी गोष्ट शैक्षणिक मूल्यांकनाची, म्हणजे आपली पदवी कॅनडातील कोणत्या पात्रतेइतकी हे ठरवून घेण्याची. परिचारिकांना डब्ल्यूईएससारख्या मान्यताप्राप्त संस्थेचे साधे मूल्यांकन चालते. डॉक्टर आणि औषधनिर्माते यांच्यासाठी मात्र स्वतंत्र संस्था नेमलेल्या आहेत. ट्रान्स्क्रिप्ट (सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाने थेट त्या संस्थेकडे पाठवावे लागते, म्हणून नाशिकला अर्ज आजच करावा. पदविका दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर तेथेही वेगळा अर्ज करावा लागेल. दोन्ही पात्रतांचे मूल्यांकन झाले तरच ११९ गुण मागता येतात. मूल्यांकन पाच वर्षे चालते, भाषेचा निकाल दोनच वर्षे. त्यामुळे मूल्यांकन आधी आणि परीक्षा नंतर असा क्रम ठेवणे शहाणपणाचे. जोडीदाराच्या शिक्षणाचे ८ गुण हवे असतील तर कोथरूडकर, आपलेही मूल्यांकन लागेल.

परवान्याविषयी एक गैरसमज दूर करते. कायम निवासाच्या अर्जासाठी कॅनडातील नर्सिंगचा परवाना आवश्यक नाही. भारतातील अनुभव पुरतो. पण तेथे पोहोचल्यावर परवान्याशिवाय परिचारिका म्हणून एक दिवसही काम करता येत नाही, आणि परवाना देशाचा नसून प्रांताचा असतो. एनक्लेक्स-आरएन ही परिचारिकांची परवाना परीक्षा द्यावीच लागते आणि तिची केंद्रे भारतातही आहेत, म्हणून निमंत्रणाची वाट पाहत बसण्यापेक्षा तो काळ तिच्या अभ्यासाला द्यावा. नोव्हा स्कोशियाने मार्च २०२३ मध्ये भारतासह सात देशांत नोंदणी असलेल्या परिचारिकांसाठी प्रक्रिया बरीच सोपी केली; परीक्षा त्यातही आहेच. टोरांटोच्या आसपास आपली माणसे जास्त म्हणून सगळे तिकडेच धाव घेतात. लहान प्रांतांचा विचार अवश्य करावा. अशा प्रांताचे नामांकन मिळाले तर ६०० गुण मिळतात आणि पुढचा सगळा हिशेबच संपतो.

बोंजूर_पुणे

मी फ्रेंच शिकवते, त्यामुळे माझे मत एकांगी वाटू शकेल. तरीही आकडे पाहावेत. २०२५ मध्ये फ्रेंच भाषेच्या वर्गाचे कटऑफ ३७९ पासून ४८१ पर्यंत फिरले. चारही कौशल्यांत एनसीएलसी (सीएलबीसारखीच फ्रेंचची श्रेणी) ७ मिळाले तर ५० जादा गुण आणि दुसऱ्या भाषेचे १२ गुण मिळतात. म्हणजे कोथरूडकरांचे ४०२ हे ४६४ होतात, आणि हा वर्ग व्यवसाय पाहत नसल्यामुळे सॉफ्टवेअर यादीबाहेर गेले याचा परिणाम होत नाही.

मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एनसीएलसी ७ म्हणजे साधारण बी-२, म्हणजे बऱ्यापैकी सफाईदार, पातळी. अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेले फ्रेंच तेथे जवळजवळ शून्यच धरावे. क्रियापदांची रूपे पाठ असतात, पण कॅनडातल्या रेडिओवरची बातमी एका ऐकण्यात कळत नाही, आणि परीक्षा नेमकी तीच मागते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने दीड ते दोन वर्षे धरून चालावे. तीन महिन्यांत बी-२ करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. दुसरे असे, की डेल्फ या फ्रेंच परीक्षेचे प्रमाणपत्र या कामासाठी चालत नाही. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा याच परीक्षा ग्राह्य आहेत. पाया घालण्यासाठी फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट किंवा अलियाँस फ्राँसेज, दोन्ही चांगले.

माझ्या मते पत्नीचा अर्ज पुढे ठेवून पतीने आजच फ्रेंच सुरू करावे. या दोन प्रयत्नांत विरोध नाही. दोघेही पात्र असतील तर आपापल्या नावाने स्वतंत्र प्रोफाइल उघडू शकतात, आणि त्यात एकमेकांना जोडीदार म्हणून दाखवता येते.

खातेवही

मी बँकेत काम करतो. कॅनडात गेल्यावर गुजराण होईल इतके पैसे आहेत याच्या पुराव्यात आमच्याकडे येणारे ग्राहक ठरावीक ठिकाणी अडकतात, म्हणून लिहितो.

तिघांच्या कुटुंबासाठी जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेली किमान रक्कम २३,३६० कॅनेडियन डॉलर होती, म्हणजे पंधरा लाख रुपयांच्या आसपास. हा आकडा दरवर्षी बदलतो आणि विनिमय दरही हलतो, त्यामुळे काठावर राहू नये. बचत खाते आणि मोडता येणारी मुदत ठेव धरली जाते. फ्लॅटची किंमत धरली जात नाही. कर्जाऊ रक्कम चालत नाही. भविष्य निर्वाह निधीवर भिस्त ठेवू नये, कारण रक्कम हाताशी असायला हवी. रक्कम पती किंवा पत्नीच्या खात्यात असली तरी हरकत नाही.

शाखेत साधे बॅलन्स सर्टिफिकेट मागितले तर त्या दिवसाच्या शिल्लकीचा एक ओळीचा कागद मिळतो. आपल्याला हवे असते ते वेगळे : लेटरहेडवर प्रत्येक खात्याचा क्रमांक, खाते उघडल्याची तारीख, सध्याची शिल्लक, मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्जे. शेवटच्या बाबीत गृहकर्जही येते आणि ते लपवण्याचे कारण नाही. नमुना स्वतः टंकलिखित करून शाखाधिकाऱ्यांकडे न्यावा. काम लवकर होते. वडिलांनी मोठी रक्कम दिली असेल तर बक्षीसपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडावा. अर्जाच्या आदल्या महिन्यात अचानक दहा लाख जमा झालेले दिसले की सरासरी कमी भरते आणि प्रश्न निघतात.

शुल्काचे म्हणाल तर ३० एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार प्रौढ व्यक्तीमागे अर्ज-प्रक्रियेचे ९५० आणि कायम निवासाच्या हक्काचे ५७५ डॉलर, मुलीचे २६०, आणि दोघांच्या बायोमेट्रिकचे १७०, असे मिळून ३,४८० डॉलर होत होते. परीक्षा, मूल्यांकन आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च वेगळा.

आणि त्या ‘नोकरीच्या पत्रा’बद्दल : नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झालेले आहेत. जो माणूस आज त्याचे ५० गुण विकतो आहे, त्याला एकतर नियम माहीत नाहीत किंवा आपल्याला माहीत नसतील अशी त्याची खात्री आहे. बनावट पत्र सापडले तर पाच वर्षांची बंदी अर्जदारावर येते, सल्लागारावर नाही. सल्लागार नेमायचाच असेल तर त्याचा परवाना क्रमांक मागून कॅनडातील कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या जाहीर नोंदवहीत तपासावा. परवाना ‘टोरांटोतील आमच्या साहेबांचा’ आहे असे उत्तर आले, तर त्या साहेबांशी करारावर सही करण्यापूर्वी थेट बोलावे.

कोथरूडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या कार्यालयाला आम्ही नकार कळवला आहे. पत्नीने आयईएलटीएस पुन्हा देण्याची तयारी दाखवली आहे आणि नाशिकच्या ट्रान्स्क्रिप्टचा अर्जही भरला. दोन शंका राहिल्या. पदविका दूरशिक्षणाने केलेली आहे. ती धरली जाईल का? आणि निमंत्रण आल्यावर किती वेळ मिळतो?

मुळामुठा

दूरशिक्षण आहे एवढ्याच कारणाने ती बाद होत नाही. संस्था मान्यताप्राप्त आहे का आणि अहवालात ती किती वर्षांच्या उच्च शिक्षणाशी समकक्ष ठरते, यावर सारे अवलंबून आहे. अहवालात ती धरली गेली नाही तर शिक्षणाचे ७ आणि संयोगाचे २५ असे ३२ गुण जातील आणि ४५३ चे ४२१ होतील. त्यामुळे मूल्यांकनाचा अहवाल हाती येईपर्यंत प्रोफाइलमध्ये ती पात्रता लिहू नये.

निमंत्रणानंतर संपूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. ते पुरेसे वाटतात, पण पासपोर्ट सेवा केंद्राचे पोलीस प्रमाणपत्र, बँकेची पत्रे आणि अनुभवपत्रे हे सगळे त्यातच बसवायचे असते. २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्ज दाखल करण्यापूर्वीच, नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून, करून घ्यावी लागते. पूर्वी ती अर्जानंतर सांगितली जात असे. शेवंतीताईंनी सांगितलेली पत्रे आणि नावाची दुरुस्ती निमंत्रणाआधी झाली असेल तर ६० दिवसांत काम आटोपते. ताई येत्या वाढदिवसाला ३२ च्या होतील तेव्हा वयाचे ५ गुण कमी होतील, म्हणून परीक्षेची तारीख त्याआधीची घ्यावी. त्यांना संगणकावर परीक्षा देणे सोयीचे वाटत असेल तर पीटीई कोअर ही इंग्रजीची परीक्षाही ग्राह्य आहे. पीटीई अकॅडेमिक नव्हे.